चेंबूरच्या गॅलरीत गावची माती

फलटण तालुक्यातल्या एका वाचक बाईंचे लांबलचक पत्र आले आहे. ते शेतीचे म्हणावे की घरचे, असा प्रश्न पडावा असे आहे. त्यांचा मुलगा मुंबईला चेंबूरमध्ये राहतो. सून हौशी आहे, गॅलरीत कुंड्या मांडते. गेल्या दिवाळीनंतर बाईंनी मळ्यातली काळी माती दोन पोती भरून ओळखीच्या टेम्पोतून चेंबूरला पोचती केली. "माती विकत कशाला घेतेस, आपली सोन्यासारखी आहे," असा निरोपही सोबत दिला. सुनेने ती कुंड्यांत भरली आणि तीत कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, मिरची आणि तुळस लावली. आषाढ संपेपर्यंत एक तुळस सोडली तर बाकी सगळ्यांचे शेंडे पिवळे पडले. जास्वंदीची कोवळी पाने तर पांढरट झाली. मोगऱ्याला कळी नाही.

इथवर शेतीचे झाले. पुढचे घरचे. सासूबाई म्हणाल्या, ज्या मातीत आमचा ऊस उभा राहतो तिच्यात हिला कढीपत्ता जगवता येत नाही, हिच्या हाताला गुण नाही. सून म्हणाली, तुमची माती परत घेऊन जा. गौरी-गणपतीला गावी यायचे की नाही, इथपर्यंत गोष्ट गेली आहे आणि मुलगा दोघींच्या मध्ये सापडला आहे. बाईंनी शेवटी लिहिले आहे, "चूक कोणाची ते तुम्ही छापा, म्हणजे एकदा निकाल लागेल."

छापतो. सुनेच्या हाताचा यात काही संबंध नाही. माती वाईट आहे असेही नाही. त्या मातीत चुनखडी आहे, चुनखडीमुळे मातीचा सामू चढलेला आहे, आणि चढलेल्या सामूत या झाडांना लोह मिळत नाही. बाईंनी पत्रासोबत माती परीक्षणाच्या अहवालाची नक्कल जोडली, हे फार चांगले केले. नाहीतर मलाही अंदाजाने बोलावे लागले असते. अहवालात सामू ८.४ आहे, क्षारता ०.५ आहे, सेंद्रिय कर्ब ०.४ टक्का, उपलब्ध लोह दहा लाख भागांत ३ भाग आणि मुक्त चुनखडी ८ टक्के.

सामू म्हणजे मातीचा आंबटपणा किंवा खारेपणा मोजण्याचे माप. इंग्रजीत त्यालाच पीएच म्हणतात. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०९ साली हे माप ठरवले. शून्य ते चौदा अशी त्याची पट्टी आहे. सात हा मध्य. सातच्या खाली आम्ल, म्हणजे लिंबाच्या बाजूला. सातच्या वर विम्ल, म्हणजे चुन्याच्या बाजूला. यात एक मेख आहे. ही पट्टी फुटपट्टीसारखी सरळ नाही. एक अंक चढला की फरक दहा पटींचा पडतो. त्यामुळे ७ आणि ८.४ यांत "एक-दीडचाच तर फरक" असे वाटते, पण तो फरक सुमारे पंचवीस पटींचा आहे.

बहुतेक भाजीपाला आणि फुलझाडे ६.५ ते ७.५ या सामूत सुखाने वाढतात. मोगरा, जास्वंद, गुलाब, मिरची, टोमॅटो यांना सहा ते सातच्या दरम्यान अधिक मानवते. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनी साधारण साडेसात ते साडेआठ. कोकणातल्या जांभ्याच्या लाल जमिनी पाच ते साडेसहा. म्हणजे घाट उतरला की मातीची जातच बदलते.

आता लोहाचे पाहा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे प्रकार उलटा आहे. काळ्या मातीत लोह भरपूर असते, ती मुळात काळ्या दगडाचीच झालेली. पण सामू चढला की हे लोह गंजाच्या रूपात गच्च बसते आणि पाण्यात उतरत नाही. सामू एका अंकाने वाढला की या लोहाची विरघळण्याची शक्ती हजार पटीने कमी होते. आडात आहे, पोहऱ्यात येत नाही. झाडाला हिरवा रंग तयार करायला लोह लागते, आणि जुन्या पानातले लोह काढून नव्या पानाला देता येत नाही. म्हणून पहिला फटका शेंड्याच्या कोवळ्या पानांना बसतो. पान पिवळे, शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारखे. हे लक्षण नीट ओळखायला शिका, कारण पिवळे पान दिसले की युरिया टाकायचा अशी आपल्याकडे सवय आहे. नत्र कमी पडते तेव्हा खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात, आणि ती शिरांसकट सारखी पिवळी पडतात. पानांच्या कडा करपल्या असतील तर बहुधा खार जास्त झालेला असतो. तीन रोग, तीन जागा. पान कुठले आणि पिवळेपणा कसला, एवढे पाहिल्याशिवाय कुंडीत चिमूटभरही काही टाकू नये.

बाईंचा खरा प्रश्न असा, की मग हीच माती मळ्यात ऊस कशी काढते? याचे उत्तर त्यांच्याच पत्रात दुसऱ्या पानावर आहे. त्या लिहितात की खोडव्याला केवडा पडतो आणि उन्हाळी भुईमूग दरवर्षी महिनाभर पिवळा राहतो, "पण तो आपोआप सुधारतो". बाई, हा तोच रोग आहे. शेतात मुळांना पसरायला हात-दोन हात खोली असते, निचरा असतो, एखाद्या जागी लोह नाही मिळाले तर मूळ दुसरीकडे शोधते. दहा किलोच्या कुंडीत मुळाने जायचे कुठे? शिवाय ऊस सोशिक आहे, जास्वंद नाही. म्हणून जे मळ्यात कुरकुरीवर निभावते ते चेंबूरच्या कुंडीत उघडे पडले. तुळस टिकली, कारण ती जास्त सामू बऱ्यापैकी सहन करते.

यात मुंबईच्या पावसाने भर घातली. फलटणला वर्षभरात पडत नाही तेवढा पाऊस मुंबईत एकट्या जुलैत पडतो. चिकण काळी माती कुंडीत भिजली की फुगते, खालचे भोक बुजते आणि आत पाणी साचून राहते. चुनखडीची माती अशी दमट राहिली, हवा खेळली नाही, की मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कर्बवायू चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार होते आणि त्याने लोहाची वाट आणखीच अडते. आषाढात पाने एकदम पिवळी का पडली याचा उलगडा यात आहे. सुनेने पिवळी पाने पाहून आणखी पाणी घातले असेल तर तो मनुष्यस्वभाव आहे.

आता उपाय. चेंबूरसारख्या वस्तीत उपाय सांगणाऱ्यांची उणीव नसते. तिथे मद्रासकडची मंडळी पिढ्यानपिढ्या राहतात आणि कढीपत्ता म्हणजे त्यांच्या घरातले माणूस. ताक घाला, असे शेजारच्या मामींनी सांगितल्याचे पत्रात आहे. कोणी फिल्टर कॉफीचा चोथा सुचवला, कोणी लिंबाची साले, कोणी गंजके खिळे. सुनेने सगळे करून पाहिले. याचा थोडा हिशेब मांडू, कारण हिशेब मांडला की मनातली शंका जाते.

कुंडीत दहा किलो माती. त्यात आठ टक्के, म्हणजे ८०० ग्रॅम चुनखडी. पेलाभर ताकातले आम्ल फार झाले तर पाऊण-एक ग्रॅम चुनखडी विरघळवते. ८०० ग्रॅमपुढे एक ग्रॅम! तेही आम्ल जिवाणू दोन-चार दिवसांत खाऊन टाकतात. ताकाने कढीपत्ता टवटवीत होतो हे खोटे नाही, पण ते ताकातल्या अन्नामुळे, आणि ज्या मातीत चुनखडी नाही तिथे. कॉफीचा चोथा आंबट असतो हा समजही अर्धाच खरा. आंबटपणा बहुतेक कॉफीत उतरून जातो, उरलेला चोथा जवळजवळ सातच्या आसपासच असतो. खत म्हणून कुजवून घालायला हरकत नाही. गंजका खिळा म्हणजे तर जे मातीत आधीच भरपूर आहे तेच पुन्हा घालणे. व्हिनेगर ओतू नये, मुळे भाजतात. तुरटीही नको.

शेतीखात्याची पुस्तके सामू उतरवायला गंधक सांगतात, आणि ते खरे आहे. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात, त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे ते काही महिने लागतात. चुनखडी नसलेल्या मध्यम मातीत दहा किलोला पाचएक ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, गंधक पावडर मिसळली तर सामू साधारण एका अंकाने खाली येतो. पण चुनखडी असेल तेव्हा आम्ल तयार झाले की आधी चुनखडीवरच खर्च होते. शंभर भाग चुनखडी संपवायला बत्तीस भाग गंधक लागते. ८०० ग्रॅमला पाव किलो. पाव किलो गंधक कुंडीत घातल्यावर झाड जगेल का, हे मी सांगायला नको. शेताचा हिशेब करा म्हणजे डोळे पांढरे होतील. एकरात वरच्या वीतभर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. आठ टक्क्यांनी ७२ टन चुनखडी. ती संपवायला २३ टन गंधक. एवढे गंधक कोणी टाकत नाही आणि टाकूही नये.

तेव्हा चुनखडीशी भांडत बसायचे नाही. झाड बदला किंवा माती बदला.

चेंबूरच्या सूनबाईंनी असे करावे. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता आणि मिरची ही काळ्या मातीतून काढावी. पाऊस उघडल्यावर, ढगाळ दिवस पाहून, संध्याकाळी. मुळांभोवतीची माती हलक्या हाताने झाडावी, सगळी मुळे उघडी करू नयेत, बाहेरची निम्मी माती निघाली तरी पुरे. नवी माती अशी: दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग पालापाचोळ्याचे खत किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा. भुसा आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा, त्यात मीठ असते. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवावी. विटांचे तुकडे वापरायचे तर सिमेंट लागलेले नकोत.

एवढ्याने नवी फूट हिरवी येईल. पण नवी फूट यायला तीन-चार आठवडे लागतात आणि तोवर झाडाला आधार हवा. त्यासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस, ताजे करून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असे तीन वेळा. लिंबाच्या रसाने लोह विरघळलेले राहते, ही लिंबाची खरी कामगिरी. गॅलरीच्या लादीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग पडतात, ते जात नाहीत, म्हणून दोरीवरचे कपडे आधी काढावेत. दुकानात चिलेटेड लोह म्हणून पुड्या मिळतात. त्यांतली ईडीटीए लिहिलेली पुडी चुनखडीच्या मातीत घालून उपयोग नाही, ती फवारणीलाच ठीक. मातीतून द्यायची असेल तर ईडीडीएचए लिहिलेली घ्यावी. महाग असते, पण दोन ग्रॅम लिटरभर पाण्यातून एका कुंडीला पुरते. दुकानदार एकीऐवजी दुसरी देतो, तेव्हा अक्षरे स्वतः वाचून घ्यावीत.

आणि गावच्या मातीचे काय? ती फेकू नये. तिच्यात मेथी, पालक, बीट लावावे. कोरफड लावावी. मोठी कुंडी असेल तर डाळिंब लावावे, ते चुनखडी चांगली सोसते. फक्त त्या मातीत चौथा हिस्सा वाळू आणि चौथा हिस्सा शेणखत मिसळावे म्हणजे पाणी साचणार नाही. तुळस आहे तिथेच राहू द्यावी. जास्वंदीच्या नव्या कुंडीत गावची म्हणून मूठभर माती घालायची इच्छा असेल तर खुशाल घालावी. शंभर ग्रॅममध्ये आठ ग्रॅम चुनखडी, तेवढी कुंडी पचवते. पण निम्मी-निम्मी करू नये. पाचवा हिस्सा घातला तरी दहा किलोत १६० ग्रॅम चुनखडी जाते.

यावर कोणी म्हणेल, मग इमारतीच्या आवारातली माती फुकट आहे, ती का नको? मुंबई मुळात डोंगर, खाजण आणि मिठागरे यांची. चेंबूर, देवनार, माहूल हा भाग खाडीच्या कडेचा. तिथे पुष्कळ ठिकाणी जमीन भरावाची आहे आणि भराव म्हणजे पाडलेल्या इमारतींचा राबिट. गिलावा, सिमेंट, चुना. कोकणात असूनही तिथल्या आवारातली माती आंबट नसते, आपल्या काळ्या मातीसारखीच चढी असते, कधी तिच्याहून जास्त. आसपास तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत, हवेत धूर आहे, म्हणून माती आंबट झाली असेल, असे पुष्कळांना वाटते. राबिटाच्या चुन्यापुढे त्या धुराचा आंबटपणा टिकत नाही. रस्त्याच्या कडेची माती तर पालेभाजीला मुळीच घेऊ नये, तीत वाहनांच्या धुरातले शिसे वर्षानुवर्षे साठलेले असते. शेजारची इमारत पाडून नवी बांधत असतील तर सिमेंटची धूळ कुंडीत येऊन बसते. अशा वेळी कुंडीच्या तोंडावर पालापाचोळा पसरावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी वरचा बोटभर थर खरवडून टाकावा.

पाण्याचेही पाहावे. महापालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचे, पावसाचे साठवलेले, हलके आहे. त्याने सामू फारसा चढत नाही. पण टँकरचे किंवा बोअरचे पाणी झाडांना घालत असाल तर सांभाळा. बोअरच्या पाण्यात क्षार आणि बायकार्बोनेट असते, रोज थोडे थोडे साठत जाते. मातीच्या कुंडीच्या कडेला पांढरी पुटे धरलेली दिसली की समजावे. महिन्यातून एकदा नळाच्या पाण्याने कुंडी तुडुंब भरून खालून वाहू द्यावी, असे लागोपाठ दोन-तीनदा करावे. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवावे हे बरे.

चेंबूरला लागूनच तुर्भ्याचा राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना आहे. १९७८ साली ही कंपनी झाली, आणि तिची सुफला आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी पोत्याने आणली. पत्रात आहे की मुलाने सुफलाची मूठ कुंडीत टाकून पाहिली. सुफला १५:१५:१५ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश आहे, लोह नाही. ज्या रोगाला लोह हवे त्याला सुफला देऊन खार मात्र वाढतो. दहा किलोच्या कुंडीला एका वेळी चहाचा चमचाभर, त्याहून जास्त कोणतेही रासायनिक खत टाकू नये. सामू थोडा खाली ओढणारे खत हवे असेल तर ते अमोनियम सल्फेट. शंभर किलो अमोनियम सल्फेट जमिनीतली सुमारे ११० किलो चुनखडी खाते, युरिया ८० किलोच्या आसपास. चुनखडीच्या जमिनीत ही चांगली गोष्ट. कोकणातल्या आंबट जमिनीत वर्षानुवर्षे तेच टाकत राहिले तर ती आणखी आंबट होते.

कोकणातल्या वाचकांनी म्हणून वरचे सगळे उलटे वाचावे. चिपळूण-राजापूरकडची लाल माती कुंडीत भरली आणि रोप खुरटे राहिले, मुळे आखूड व जाड झाली, तर आंबटपणाची शंका घ्यावी. दहा किलोला दहा ते पंधरा ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट पूड लावणीआधी पंधरा दिवस मिसळावी. पानाला लावायचा चुना नको, तो तिखट असतो, मुळे जाळतो. चुलीची राख चालते, चिमूट-दोन चिमूट. भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्याची जी जुनी रीत आहे तिने इतर गोष्टींबरोबर हेही साधते: राखेने वाफ्याचा आंबटपणा मरतो आणि पालाश मिळते.

एका तरुण वाचकाने चिठ्ठी पाठवून विचारले आहे की घरात कुंडीत गांजाचे रोप लावायचे तर सामू किती ठेवावा, आणि "कोणाला त्रास नाही, घरातच ठेवणार" असेही लिहिले आहे. त्याला या सदरात उत्तर मिळणार नाही. गुंगीकारक औषधी द्रव्यांविषयीचा १९८५ चा कायदा परवान्याशिवाय गांजाचे झाड लावण्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. कायदा एकर मोजत नाही, एक कुंडीही पुरते. उसात-तुरीत मधल्या ओळीत झाडे सापडली म्हणून मळ्याचा मालक आत गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. बाबा रे, मोगरा लाव.

सामू घरी कसा पाहावा, हे आणखी दोघांनी विचारले आहे. प्रयोगशाळेची रीतच घरी करता येते. कुंडीत बोटभर खोलीवरची माती घ्यावी, सावलीत वाळवावी, खडे काढावेत. २० ग्रॅम माती काचेच्या पेल्यात घेऊन ५० मिलिलिटर शुद्ध पाणी घालावे. नळाचे नको, बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावर मिळते ते घ्यावे. ढवळून अर्धा तास ठेवावे, मधूनमधून पुन्हा ढवळावे. मग वरच्या निवळीत सामूचा कागद बुडवून रंग डबीवरच्या रंगांशी ताडावा. मातीत खुपसायचे दोन काड्यांचे स्वस्त मीटर हल्ली सर्रास विकतात. त्यांच्यावर विसंबू नये, ओली माती असेल तसा आकडा बदलतो. कागद परवडतो आणि फसवत नाही.

चुनखडी पाहायची तर आणखी सोपे. कोरड्या मातीच्या ढेकळावर पांढरे व्हिनेगर थेंब-थेंब टाकावे. बुडबुडे आले, कान जवळ नेल्यावर चुरचुर ऐकू आली, तर चुनखडी आहे. नाही आली तरी थोडी असू शकते. गावची माती मुंबईला पाठवण्याआधी एवढी एक परीक्षा अंगणातच करता येते.

आणि एक गोष्ट ज्यांच्या घरी मृदा आरोग्य पत्रिका आहे त्यांच्यासाठी. २०१५ पासून सरकार देत असलेल्या या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. चुनखडी त्या बारांत नाही. नुसता सामू ८.३-८.४ दिसला तर नमुना देताना "मुक्त चुनखडी पाहा" असे वेगळे सांगावे आणि वेगळी फी भरावी. चुनखडीने सामू साधारण ८.४ पर्यंतच चढतो. साडेआठच्या वर गेला असेल तर त्यात सोडियमचा हात असतो, ती जमीन चोपण. तिला जिप्सम लागू पडते. चुनखडीच्या जमिनीत सामू उतरवायला म्हणून जिप्सम टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे. दोन रोगांना एकच औषध देणारे सल्लागार गावोगाव आहेत. अहवाल हातात असल्याशिवाय त्यांच्याकडून पोते घेऊ नका.

शेवटी बाईंच्या मळ्याचे. गॅलरीतली जास्वंद जे सांगते आहे ते खोडव्यालाही लागू आहे. एकरी १० किलो फेरस सल्फेट शंभर किलो शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, आठ-दहा दिवस मुरू द्यावे आणि मग सरीत द्यावे. नुसते मातीत फेकले तर चुनखडी ते दोन दिवसांत पुन्हा गंज करून बसवते, शेणखतात मुरले की टिकते. खोडव्याचे पाचट जाळू नये, सरीत कुजवावे. ते कुजताना निघणारी आम्ले मुळांजवळ का होईना लोह सोडवतात, आणि कर्ब ०.४ वरून वर यायचा दुसरा स्वस्त मार्ग नाही. ऊस नसेल त्या वर्षी ताग किंवा धैंचा गाडावा. भुईमूग रुंद वरंब्यावर घ्यावा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि पिवळेपणा दिसताच वर सांगितलेली लिंबू-हिराकसाची फवारणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा करावी. दर लिटरला तेच ५ ग्रॅम. महिनाभर पिवळा राहून तो "आपोआप सुधारतो" खरा, पण तो महिना शेंगांच्या वजनातून जातो. उसाच्या केवड्याविषयी अधिक विचारायचे तर पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र तुमच्याच तालुक्यात १९३२ पासून आहे. अहवाल आणि दोन पिवळी पाने घेऊन जावे.

हिराकस घेताना पुडी उघडून पाहावी. खडे हिरवट असावेत. वरून तांबूस-पिवळी भुकटी झालेली असेल तर तिच्यातले लोह गंजले, ती घेऊ नये. उरलेली डबीत झाकण घट्ट लावून ठेवावी आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नये.